जमिनीचा आराखडा लोकांनी मिळून करायचा तर सुरुवात कुठून करावी?

पाणवाट

लोकांबरोबर बसून जमीन-वापराचे आराखडे करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. त्यातली एक गोष्ट मनात घर करून आहे, ती इथे मांडते. पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न चुकला की पुढचा सगळा आराखडा तिरका जातो.

बहुतेक बैठका "इथे काय काय करायचं?" या प्रश्नाने सुरू होतात. कुणी रस्ता मागतं, कुणी घरं, कुणी मैदान, कुणी गोदाम. तासाभरात नकाशा भरून जातो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की झाडांसाठीही जागा ठेवायला हवी, आणि उरलेल्या दोन-चार कोपऱ्यांना हिरवा रंग दिला जातो. त्या कोपऱ्यात पाणी मुरतं का, तिथली माती कशी आहे, ओढ्याशी त्याचा काही संबंध आहे का, हे कुणी विचारत नाही. तो कोपरा हिरवा होतो, कारण तो उरलेला असतो.

म्हणून मी आता उलटं विचारते: "इथलं काय हलवता येणार नाही?"

शाळा दोन शेतं पलीकडे बांधली तरी ती शाळाच राहते. झरा पलीकडे नेता येत नाही. पाणी कुठे मुरणार हे खालचा खडक ठरवतो, आपण नाही. सुपीक मातीचा एक सेंटीमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि तो खरवडून काढायला यंत्राला एक सकाळ पुरते. तेव्हा आधी न हलणाऱ्या गोष्टी नकाशावर बसवायच्या आणि मग हलणाऱ्या गोष्टींसाठी जागा शोधायची. या क्रमाने गेलं की निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पद्धत जुनीच आहे. इयन मॅकहार्ग या नियोजनकाराने १९६९ साली ती लोकांसमोर नीट मांडली. आज संगणकावर जे थर चढवतात त्याचं मूळ तिथे आहे. आम्ही अजूनही ट्रेसिंग पेपरवर करतो, कारण कागदाभोवती दहा माणसं बसू शकतात, पडद्यासमोर एकच. खाली समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा. त्यावर पहिल्या कागदावर ओढे, झरे, विहिरी आणि पूर कुठवर येतो ती रेषा. दुसऱ्यावर तीव्र उतार. तिसऱ्यावर माती आणि खडक. चौथ्यावर झाडोरा, कुरणं, जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटा. जे जपायचं ते पेन्सिलीने हलकं छायांकित करायचं. मग चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावायचे. जिथे गडद दिसतं तिथे हात लावायचा नाही. जिथून उजेड आरपार येतो तिथे बांधकामाचं बोलायचं.

एकदा असाच कागद खिडकीला लावला होता. मधोमध छान मोठा उजळ भाग, सपाट, रस्त्याला लागून. सगळ्यांचं बोट तिथेच. मागे बसलेल्या एक आजी उठल्या, जवळ आल्या आणि त्या उजळ भागावर हात ठेवून म्हणाल्या, "इथं पाऊस सरल्यावर दोन महिने पाय रुततो." सर्वेक्षण उन्हाळ्यात झालं होतं, त्यामुळे नकाशात तसं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिवारफेरीला गेलो. जमीन कोरडी ठणठणीत, पण लव्हाळ्याची वाळलेली बेटं जागोजागी उभी. लव्हाळ्याची अशी बेटं बहुधा ओलीच्या जागीच वाढतात. तो भाग आम्ही तिथेच उभ्या उभ्या गडद केला.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः आराखडा झाल्यावर तो पाळला जावा यासाठी कुणी काय केलं, ते.

समोच्च

उत्तम धागा. पाण्याचा हिशोब जोडतो, कारण "मुरू द्या" म्हटलं की लोक मान डोलावतात, आकडे पाहिले की दचकतात.

एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५ लाख लिटर पाणी पडलं. झाडझाडोरा असलेल्या नैसर्गिक जमिनीत ढोबळमानाने निम्मं पाणी मुरतं, साधारण ४० टक्के बाष्प होऊन आणि झाडांवाटे परत हवेत जातं आणि जेमतेम १० टक्के वाहून जातं. तीच जमीन तीन चतुर्थांशाहून जास्त छपरं, काँक्रीट आणि डांबराखाली गेली की वाहून जाणारं पाणी ५५ टक्क्यांच्या घरात जातं आणि मुरणारं १५ टक्क्यांवर येतं. म्हणजे जिथून ५० हजार लिटर ओढ्याला जात होतं तिथून पावणेतीन लाख लिटर जायला लागतं, तेही एकदम. ओढ्याचं पात्र तर तेवढंच आहे. हे सरासरी आकडे आहेत. उतार, माती आणि पावसाचा जोर यांप्रमाणे ते बदलतात, पण कल बदलत नाही.

आणि हे सगळं झाकल्यावरच होतं असंही नाही. लहान ओढ्यांच्या अभ्यासात वारंवार दिसलंय की पाणलोटातली १० टक्के जमीन झाकली गेली की ओढ्याची तब्येत ढासळायला लागते आणि २५ टक्क्यांच्या पुढे तो बहुधा सावरत नाही. म्हणून एकेका प्लॉटची परवानगी सुटी सुटी बघून चालत नाही. प्रत्येक प्लॉट आपापल्या जागी निरुपद्रवी दिसतो.

बैठकीत करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. पत्र्याचा मोठा डबा घ्या, तळ आणि झाकण दोन्ही काढून टाका, जमिनीत चार बोटं ठोका. मोजून पाणी ओता आणि घड्याळ लावा. आम्ही एक डबा जुन्या झाडाखाली ठोकला आणि दुसरा तिथून वीस पावलांवर, जिथे रोज गाड्या उभ्या राहतात तिथे. झाडाखालचं पाणी बोलता बोलता दिसेनासं झालं. गाड्यांच्या जागी चहा पिऊन आलो तरी डब्यात आभाळ दिसत होतं. माती एकच, पाऊस एकच. त्या दिवशी "मोकळी जागा म्हणजे मुरणारी जागा" हा गैरसमज कायमचा गेला.

हिशेबी

लेख आवडला, पण मला यातलं एक खुपतंय आणि ते स्पष्ट लिहितो.

तुमच्या ट्रेसिंग पेपरवर जो भाग गडद होतो ना, तो कुणाचा तरी असतो. आमच्या घरच्या जमिनीला एका आराखड्यात असाच हिरवा रंग लागला. आम्हाला कळलं तेव्हा हरकती आणि सूचनांची मुदत संपून गेली होती. वडिलांनी त्या जमिनीच्या भरवशावर म्हातारपणाचा विचार केला होता. शेजारच्याची जमीन, मध्ये फक्त बांध, ती निवासी झाली. त्याच्या जमिनीचा भाव चढला आणि आमची विकायला काढली तर कुणी फिरकेना. ओढा राखला जातोय, त्याचा फायदा सगळ्यांना मिळतोय, पण त्याची किंमत एकटे आम्ही भरतोय.

माझा निसर्गाला विरोध नाही. पण "काय हलवता येणार नाही" याच्या जोडीला "त्याचा भार कोण उचलणार" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला पाहिजे. नाहीतर आजींनी हात ठेवला की दुसऱ्या कुणाचं तरी घर बसतं.

पाणवाट

हिशेबी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी धाग्यात हा मुद्दा घ्यायलाच हवा होता.

यावर जगात जे उपाय झाले त्यातला एक मला नेहमी आठवतो. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून मेरीलँड राज्यातली मॉन्टगोमेरी काउंटी आहे. शहर शेतांवर चाल करून येत होतं. १९८० मध्ये त्यांनी सुमारे ९३ हजार एकर जमीन शेतीसाठी राखली. तिथे २५ एकरांना एकच घर अशी मर्यादा घातली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. दर ५ एकरांमागे एक विकास हक्क, म्हणजे बांधकामाचा हक्क, मालकाला दिला, जो त्याने आपल्या जमिनीवर न वापरता विकायचा. घेणारा बिल्डर तो हक्क दुसरीकडे, जिथे रस्ते आणि गटारं आधीच आहेत तिथे जास्त घरं बांधायला वापरतो. जमीन शेतकऱ्याकडेच राहते, शेती चालू राहते आणि न बांधल्याचा मोबदला हातात पडतो. टीडीआर म्हणतात तो हाच.

हिशेबी

टीडीआर कागदावर सुंदर आहे. पण तो हक्क घेणारा कुणीतरी हवा ना? दुसरीकडे तसंही जास्त बांधकाम फुकट मंजूर होत असेल तर माझा हक्क कोण विकत घेईल? प्रमाणपत्र घडी घालून कपाटात पडेल. म्हणजे जिथे बांधायचं तिथली मर्यादाही तितक्याच कसोशीने पाळावी लागते. ती पाळली गेली तरच माझ्या कागदाला अर्थ.

समोच्च

अगदी बरोबर. देणारा भाग आणि घेणारा भाग एकाच बैठकीत, एकाच नकाशावर ठरले नाहीत तर टीडीआर फसतो.

रानजाई

भार कोण उचलणार यावर न्यूयॉर्कचं उदाहरण मला जास्त पटतं, कारण तिथे फायदा घेणाऱ्यानेच पैसे मोजले.

न्यूयॉर्कला बहुतेक पाणी कॅट्सकिल डोंगर आणि डेलावेअर नदीच्या वरच्या खोऱ्यातून येतं, काही धरणं शहरापासून दोनशे किलोमीटरवर. केंद्र सरकारने पाणी गाळण्याची अट घातली तेव्हा दोन वाटा होत्या. अब्जावधी डॉलर घालून प्रचंड गाळण-प्रकल्प बांधायचा किंवा पाणी जिथून येतं ते डोंगर सांभाळायचे. सुरुवातीला शहराने वरच्या गावांवर कडक नियम लादायचा प्रयत्न केला आणि गावं चवताळून उठली. साहजिक आहे, पाणी पिणार शहर आणि बंधनं गावांना! मग वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या आणि १९९७ मध्ये करार झाला. जमीन घ्यायची ती फक्त राजीखुशीने विकणाऱ्याकडून. गोठ्यातलं सांडपाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना मदत. गावांतल्या मैलापाण्याच्या सोयींसाठी शहराचा पैसा. आजही त्या खोऱ्यांचं पाणी मोठ्या गाळण-प्रकल्पाशिवाय शहराला जातं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की पहिला प्रयत्न, म्हणजे नियम लादण्याचा, तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता. डोंगर सांभाळायलाच हवे होते. तरी तो पडला, कारण डोंगरात राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कुंपण

थोडा वेगळा सूर लावतो. लोकसहभाग, सहमती हे ऐकायला छान. पण सामाईक गोष्टीला कुणी धनी नसतो. कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडणार, कारण दूध त्याला एकट्याला मिळतं आणि उघडं पडलेलं कुरण सगळ्यांच्या वाट्याला येतं. गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हेच लिहिलं होतं. शेवटी एकतर खासगी मालकी हवी किंवा सरकारचा दंडुका. अधलंमधलं टिकत नाही.

पाणवाट

कुंपण, हार्डिनचा तो तर्क मीही बरीच वर्षं खरा मानत होते. पण खुद्द हार्डिननेच नंतर कबूल केलं की आपण बोलत होतो ते व्यवस्था नसलेल्या सामाईक जमिनीबद्दल. सामाईक असणं वेगळं आणि मोकाट असणं वेगळं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर हेच तपासलं. लोकांनी स्वतः नियम करून शेकडो वर्षं राखलेली कुरणं, कालवे, जंगलं त्यांनी शोधून काढली. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या मांडणीतलं मला सगळ्यात आवडणारं गाव स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल. तिथल्या लोकांनी १४८३ मध्ये कुरणं, जंगल आणि पडीक जमिनीच्या वापरासाठी लेखी करार केला. १५१७ चा एक नियम तर बघाच: हिवाळाभर आपल्याच चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच गाई उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडायच्या.

हा नियम मी बैठकीत नेहमी सांगते आणि मग थोडा वेळ गप्प बसते. त्यात गाई मोजायला अधिकारी लागत नाही. कुणी हिवाळ्यात किती गाई पोसल्या हे शेजाऱ्यांना दिसतंच. बाहेरून गाई आणून उन्हाळ्यापुरत्या चारून विकण्याची वाटच बंद. कुरणावरचा भार आपोआप गावाच्या गवताला बांधला गेला. शिवाय जास्त गाई सोडणाऱ्याला दंड करायचा अधिकार त्यांनी गावातल्याच एका माणसाला दिला आणि दंडाची निम्मी रक्कम त्याला ठेवू दिली, म्हणजे डोळेझाक करण्यात त्याचंच नुकसान. असा नियम दूर शहरात बसलेल्या माणसाला सुचत नाही. तो त्या उतारावर हिवाळे काढलेल्यांनाच सुचतो.

आणि त्याच गावात शेतं, गवताची कुरणं, भाजीचे वाफे खासगी मालकीचे होते. सगळं सामाईक करा असं माझं म्हणणं नाही. कशाला कुंपण घालायचं आणि कशाला नाही, हे जमिनीकडे बघून ठरवावं.

कुंपण

टोर्बेलचा नियम पहिल्यांदाच ऐकला. गाईंची संख्या चाऱ्याला बांधणं ही फार हुशारीची गोष्ट आहे. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार, पण "दंडुका सरकारचाच हवा" हे मी मागे घेतो. दंडुका हवा, एवढं कायम.

नवखा_वाचक

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक बाळबोध प्रश्न: आमच्याकडे आराखड्यासाठी सभा झाली होती, नकाशा भिंतीवर लावला होता, सह्या घेतल्या. याला लोकसहभाग म्हणायचं का?

रानजाई

बाळबोध अजिबात नाही. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच या प्रश्नासाठी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये माहिती देणं, मग मत विचारणं आणि वर खरी भागीदारी, अधिकार हातात येणं. हरकती-सूचना ही चौथी पायरी. मत विचारलं जातं, पण ते मानलं जाईल याची हमी नसते. तयार नकाशा भिंतीवर लावून सह्या घेणं तर त्याच्याही खाली.

माझा स्वतःचा निकष साधा आहे: सभेमुळे नकाशावरची एक तरी रेषा हलली का?

आणि सभेला कोण आलं नाही तेही बघावं. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांचाच चारा-सरपणासाठी सामाईक जमिनीवर सगळ्यात जास्त भार असतो, आणि "जमीनमालकांची बैठक" असं म्हटलं की ते येत नाहीत. आम्ही एकदा बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं बसवून एकाच परिसराचा नकाशा काढायला लावला. पुरुषांच्या नकाशात रस्ते, सीमा, पंप ठसठशीत होते. बायकांच्या नकाशात पायवाटा, सरपणाच्या जागा, उन्हाळ्यातही न आटणारं एक डबकं आणि अंधार पडल्यावर जिथून जायचं नाही तो पट्टा. ते डबकं पुरुषांच्या नकाशात नव्हतंच. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

समोच्च

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. आराखडा पाळला जातो की नाही हे वाद मिटवायची जागा किती जवळ आहे त्यावर ठरतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाणी-न्यायालय बघा. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या दारात बसतं. न्यायाधीश म्हणजे कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले आठ शेतकरी. सगळं तोंडी, सगळ्यांसमोर, निकाल तिथल्या तिथे. युनेस्कोनेही २००९ मध्ये त्याची दखल घेतली. पाणी चोरल्याचा निकाल दोन वर्षांनी लागला तर काय उपयोग, पीक तर आठवड्यात जळतं.

आपल्याकडचं बोलायचं तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. त्याआधी अभ्यासगट बसतो, जो फक्त समजून घेतो, ठरवत काहीच नाही. समजून घेणं आणि ठरवणं या दोन बैठका वेगळ्या ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. एकाच बैठकीत दोन्ही करायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा आराखडा होतो.

हिशेबी

सगळ्यांचे प्रतिसाद नीट वाचले. माझ्यापुरता प्रश्न उरतोच. आमचा आराखडा मंजूर होऊन गेलाय. आता काय?

एक मात्र करावंसं वाटतंय. आमच्या जमिनीत खरंच पाणी मुरतं का, हे आम्ही कुणीच कधी तपासलं नाही. आम्ही फक्त रंगाशी भांडलो. ती जागा खरंच ओढ्यासाठी लागत असेल तर मी ती राखेन, पण मोबदला मागेन. आणि तिथे तसं काहीच नसेल तर पुराव्यानिशी सांगेन की तुमचा रंग चुकला.

पाणवाट

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मंजूर आराखडेही ठरावीक काळाने पुन्हा तपासले जातात आणि त्या वेळी हातात नोंदी असलेल्या माणसाचं ऐकून घेणं भाग पडतं. समोच्च यांची डब्याची चाचणी तुमच्या जमिनीत चार-पाच ठिकाणी करा, बांधापलीकडेही शेजाऱ्याला विचारून करा. तारीख, जागा, किती पाणी, किती वेळ, एवढं वहीत लिहा. जोराच्या पावसात स्वतः जाऊन पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्याचे फोटो काढा, दरवेळी त्याच जागी उभं राहून. पाऊस थांबल्यावर किती दिवस ओल राहते तेही लिहा. लव्हाळा दिसतो का बघा. वडिलांना बरोबर न्या. नकाशात नसलेलं त्यांना आठवेल.

हिशेबी

रविवारी सगळे जातोय. वडील म्हणाले, खालच्या अंगाला पूर्वी पाण्याचा दगडी हौद होता, तो मला ठाऊकही नव्हता. ट्रेसिंग पेपर कोणता घेऊ?

पाणवाट

पातळातला पातळ. चार थर एकावर एक आले तरी खालच्या समोच्च रेषा दिसल्या पाहिजेत. प्रत्येक कागदाच्या चारही कोपऱ्यांत खालच्या नकाशावरची तीच खूण काढून घ्या, नाहीतर थर सरकतात आणि ओढा भलत्याच शेतातून जातो. हौदाची जागा पहिल्या कागदावर, झऱ्यांच्या बरोबर.